चढाया है क्या?

गुडगावात मला खोली मिळण्याआधी माझ्या तबल्याची चौकशी झाली. माझी फारशी झालीच नाही. मी पुण्याचा, ख्रिस्ती, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नव्यानं लागलेला, एवढं ऐकल्यावर घरमालकांचं माझ्याबद्दलचं कुतूहल संपलं आणि नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली.

"हा कुठे कुठे वाजलाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की चर्चमध्ये वाजलाय, कॉलेजात वाजलाय. आणखी? आणखी आमच्या गल्लीतल्या गणपतीत वाजलाय, कारण मंडळाच्या तबलजीला ऐन वेळी कावीळ झाली आणि त्याच्या जागी बसायला दुसरं कोणी नव्हतं. खोटं बोलायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या चेहऱ्यासमोर जमलं नसतं. ते बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले. मग निकाल दिला: लाकडाचा दोष नाही, धातूचाही नाही, पण वरचं कातडं बदलून आण.

तर मी सुट्टीच्या दिवशी जुन्या दिल्लीत जाऊन तबला-डग्ग्याच्या दोन्ही पुड्या बदलून आणल्या. परत आलो तर पुढचा प्रश्न तयार होताच. दुकानदारानं देताना काही केलं का? मी म्हणालो, हो, कपाळाला लावून दिला. ते आत गेले, ओलं फडकं घेऊन आले आणि दुकानदाराच्या कपाळाची जागा अंदाजानं पुसून काढली. मग म्हणाले, वाजव. मी भजनी ठेका धरला. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण पायाचा अंगठा पहिल्या समेपासून हलत होता. हात चांगला आहे, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि वर पुस्ती जोडली, "ठेका विचाराधीन."

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. जन्मभर त्यांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून फायली पुढे सरकवल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते देवासाठी बिनपगारी करत होते. जगातल्या प्रत्येक वस्तूचे आणि चालीरीतीचे त्यांच्या लेखी तीन प्रकार होते: मान्य, अमान्य आणि विचाराधीन. हे सगळं कशासाठी, तर उपासना शुद्ध राहावी म्हणून. ज्या देवाची भक्ती करायची त्याची निखळ करावी, तिला दुसऱ्या कुठल्या देवाचा, ग्रहाचा, झाडाचा किंवा भुताखेताचा वास येता कामा नये. म्हणणं अगदी सरळ होतं. अडचण एवढीच की काकांचं नाक फार तिखट होतं.

नाताळचं झाड अमान्य, कारण युरोपातले जुने लोक झाडं पुजायचे. केकवरच्या मेणबत्त्या अमान्य, कारण त्या म्हणे कुठल्याशा चंद्रदेवीसाठी लावत. येशूचं चित्र असलेलं कॅलेंडर कोणी भेट दिलं, तर ते आभार मानून घेत, कात्रीनं चित्र कापून काढत आणि खालच्या तारखा खिळ्याला टांगत. अगरबत्ती सोडाच, डासांची कॉइलसुद्धा ते मोरीत लावायचे, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत धूर नको. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये आमची मराठी प्रार्थनासभा भरे, तेव्हा मोरी तेवढी सुरक्षित असायची.

या सभेला दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समधून कुटुंबं दोन-दोन बस बदलून येत, गुडगावातल्या नव्या कंपन्यांमधली माझ्यासारखी पोरं येत, आणि दर वर्षी त्यातली काही काकांमुळे यायची बंद होत. एका जोडप्यानं मुलीचं नाव डायना ठेवलं. आम्ही पेढे खात होतो. काका म्हणाले, "तीन पिढ्या मूर्ती सोडण्यात गेल्या आणि तुम्ही पोरीला इफिसकरांच्या मूर्तीचं, त्या डायना देवीचं नाव दिलंत?" ते जोडपं पुढे कित्येक महिने दिसलं नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. त्यांची छाननी सगळ्यांना सारखी होती. आपल्याकडची लिंबू-मिरची आणि गोऱ्यांचा सांताक्लॉज यांत त्यांनी कधी दुजाभाव केला नाही. ते दिवसच असे होते की बाजारात रोज काहीतरी परदेशातून येऊन पडत होतं, आणि डिसेंबरात नव्या दुकानांच्या काचांमागे लाल डगल्यातले म्हातारे उभे राहायला लागले होते. आमच्यातल्या तरुण पोरांना त्याचं कौतुक. काका म्हणायचे, मूर्तिपूजा इंपोर्टेड असली म्हणून चालते की काय? दरवाजे सरकारनं उघडलेत, मंडळीनं नाही. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्च.

घरात या सगळ्याचा ताप होता काकूंना. काकू अलिबागकडच्या. त्यांचं नारळावाचून पान हलत नसे. नारळ विकत आणायला परवानगी होती, पण तो फोडायचा मागच्या बाल्कनीत, ताठ उभं राहून, म्हणजे वाकून कोणाला वाढवल्यासारखं दिसायला नको. नाताळच्या फराळात करंजी दोन वर्षं विचाराधीन पडली होती, कारण तिचा आकार चंद्रकोरीचा. शेवटी काकांनी तोडगा काढला की चौकोनी करा. काकूंनी मुकाट्यानं घाणाभर चौकोनी करंज्या तळल्या आणि त्यांच्यापुढे ताट ठेवून म्हणाल्या, "आता चौकोन कोणत्या देवाचा तेही एकदा बघून घ्या." पुढच्या वर्षीपासून करंजी गोल पाठीची झाली आणि फाइल बंद झाली.

त्यांचा फ्लॅट कसा मिळाला ती गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. नव्या सोसायटीत तो एकच फ्लॅट कोणी घेत नव्हतं. तोंड दक्षिणेला, आणि ईशान्य कोपऱ्यात संडास. वास्तुशास्त्राचं वेड तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, बिल्डर हवालदिल झाला होता. काका गेले, संडासाचा नळ सोडून पाहिला, पाणी नीट येतंय म्हणाले आणि सही केली. पहिली गाडी आणली तेव्हा शोरूममधल्या माणसानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून दिलं होतं. काकांनी ते रॉकेलनं इतक्या निष्ठेनं घासलं की खालचा रंगही गेला. त्यामुळे गाडीवर स्वस्तिकाच्या आकाराचा फिकट डाग कायमचा राहिला, आणि सोसायटीचा वॉचमन रोज त्याला नमस्कार करायचा.

एका जानेवारीत आम्ही सगळे बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला गेलो होतो. महाराष्ट्रातून आलेली गर्दी होती, घोषणा चालल्या होत्या, आणि कोणीतरी काकांच्या हातात झेंडूची फुलं देऊन स्तंभाकडे बोट दाखवलं. काका तिथेच थबकले. दगडाला फुलं वाहणं अमान्य, पण इथे मेलेली आपली माणसं. आम्ही बाजूला सरून मजा बघत होतो. त्यांनी टोपी काढली, बराच वेळ मान खाली घालून उभे राहिले आणि फुलं नेऊन तिथे झाडाला पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याच्या ओंजळीत ठेवली. माळी गोंधळला. परतीच्या वाटेवर त्यांना चिडवायची आमची कोणाचीच इच्छा राहिली नाही.

पण काकांची खरी ओळख म्हणजे त्यांचा प्रश्न. कोणीही, कुठेही, काहीही खायला पुढे केलं की त्यांचा हात अर्ध्यावर थांबायचा आणि ते विचारायचे, "चढाया है क्या?" म्हणजे कुठल्या देवाला नैवेद्य दाखवलेलं आहे का. दिवाळीत दारोदारच्या मिठाईच्या डब्यांना विचारायचे, ऑफिसातल्या जुन्या शिपायाला विचारायचे, एकदा रेल्वेत शेजारच्या प्रवाशानं केळं दिलं तर त्यालाही विचारलं. त्या माणसानं घाबरून केळं परत घेतलं. मानेसरच्या कंपनीच्या बसमध्ये मी हा किस्सा सांगितल्यापासून आमच्यात कोणी डबा उघडला की सगळे एका सुरात "चढाया है क्या" म्हणायला लागले.

महिन्यातून एकदा दिल्लीहून आमचे पाळकसाहेब उपासना घ्यायला येत. ते मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी एकदा हळूच आठवण करून दिली की शास्त्रात प्रेषित पौलानं नेमकं उलटं लिहिलंय. बाजारात मिळतं ते खा, कोणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा, विचारत बसू नका. कोणी आपणहून सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तरच खाऊ नका. काकांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? ते म्हणाले, पौल दिल्लीत राहिला नव्हता. इथे न विचारता राहिलं तर आठवड्यात तेहतीस कोटी पोटात जातील.

आणि समोरच बीजी राहायच्या.

बीजी म्हणजे आमच्या समोरच्या दाराच्या म्हाताऱ्या पंजाबी बाई. मुलगा सदा फिरतीवर, त्यामुळे त्या बहुतेक एकट्या, आणि एकट्या माणसानं जेवढा स्वयंपाक करू नये तेवढा करणाऱ्या. काकूंशी त्यांचं मेतकूट होतं. काकूंना टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे दोन्ही वेळची खिचडी समोरून आली. रूथ, काकांची नात, तिचे आईवडील नोकरीसाठी दुबईला, ती शाळेतून आली की आधी बीजींच्या दारात दप्तर टाकायची. बीजींच्या घरून मंगळवारी, एकादशीला, सत्यनारायणाला, असं वाट्यांमागून वाट्या येत. काका दार उघडत, प्रश्न विचारत. बीजी कधी खोटं बोलल्या नाहीत. "हां जी, भोग तो लगाया है," असं म्हणून हसत वाटी परत नेत आणि अर्ध्या तासानं साधी भाजी पाठवत.

मी एकदा बीजींना म्हटलं, तुम्ही काकांसाठी आधीच थोडं बाजूला का नाही काढून ठेवत? त्यांनी कानाला हात लावले. "ना पुत्तर. भोगसे पहले तो मैं नमक भी नहीं चखती. पहले वो खाएगा, फिर हम." म्हणजे त्यांचीही उपासना तितकीच शुद्ध होती. दोन दारं समोरासमोर, दोन्हीकडे कडक कारभार, आणि तरी वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

मोडलं ते कंजकेवरून. दिल्लीकडे नवरात्रातल्या अष्टमीला लहान मुलींना घरी बोलावून देवी मानून पुजतात. पाय धुतात, टिळा लावतात, लाल चुनरी देतात आणि पुरी, काळे चणे आणि हलवा खाऊ घालतात. मुली नऊ लागतात. आमच्या नव्या सोसायटीत कुटुंबं थोडी, त्यात लहान मुली आणखी थोड्या, त्यामुळे अष्टमीच्या सकाळी बायका जिन्याजिन्यातून मुली शोधत हिंडायच्या. रूथ सहा वर्षांची झाली त्या वर्षी बीजी हातात घडी केलेली चुनरी घेऊन आल्या आणि रूथला पाठवा म्हणाल्या. रूथ आतून धावत आली. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली कुठे ना कुठे जाणार होत्या.

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. काका उठून उभे राहिले.

"बीजी, आपका मान है. लेकिन बच्ची देवी नहीं है. मैं नहीं भेजूंगा."

"एक दिन की बात है, भाईसाब."

"एक दिन भी नहीं."

बीजींनी चुनरीची घडी आणखी लहान केली. रूथच्या केसांवरून हात फिरवला आणि गेल्या. त्या दिवशी रूथ जेवली नाही, आणि काकू बोलल्या नाहीत. समोरचं दार त्यानंतर लोटलेलंच दिसायला लागलं. वाट्या थांबल्या. दिवाळी आली आणि गेली, काकांवर प्रश्न विचारायची पाळीच आली नाही. नाताळात काकूंनी करंज्यांचं ताट दिलं, ते रिकामं धुऊन परत आलं. आमच्याकडे कोणाचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, आणि बीजींना हे काकूंइतकंच ठाऊक होतं.

मला काकांचा राग आला होता. सरळ सांगायचं तर एका म्हातारीच्या चुनरीला नाही म्हणण्यात कसली आलीये भक्ती, असं मला वाटत होतं. एका रविवारी सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करताना मी ते बोलूनही दाखवलं. काका चिडले नाहीत. सतरंजीची टोकं जुळवत त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबा पोतराज होते, नगर जिल्ह्यातले. मरीआईचा गाडा, कमरेला घुंगरं, अंगावर कोरडे ओढायचे आणि गाव देईल ते खायचं. त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानपणीच देवाला सोडली होती, मुरळी म्हणून. हळद लावली, नवं लुगडं नेसवलं, गाव पाया पडलं. "त्या एका दिवशी ती देवी होती," काका म्हणाले. "पुढे तिचं काय झालं ते पाया पडणाऱ्यांतल्या कोणी विचारलं नाही." आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी कोरडा आणि घुंगरं प्रवरेत टाकली. त्यासाठी गाव सोडावं लागलं, जमिनीचा तुकडा गेला, भाऊबंद तुटले. "आता सांग," ते म्हणाले, "त्यांनी एवढी किंमत देऊन जे नदीत टाकलं, ते मी माझ्या नातीच्या हातानं बाहेर काढू?"

 बीजी भली बाई, त्यांच्या चुनरीत काही वावगं नाही, हे मला पटलेलंच होतं. पण काकांचं तिखट नाक कुठून आलं होतं तेही कळलं, आणि त्यानंतर बसमध्ये "चढाया है क्या" म्हणताना मला पहिल्यासारखं हसू येईना.

काकूंना ही गोष्ट अर्थातच माहीत होती. हिवाळ्यात बीजी न्हाणीघरात घसरल्या आणि गुडघा दुखावला, तेव्हा काकू कोणाला न विचारता समोर गेल्या, रोज जायला लागल्या, आणि तेल चोळता चोळता त्यांनी ती मुरळी बीजींना सांगितली.  काकूंच्या सांगण्याप्रमाणे बीजी एवढंच म्हणाल्या की भाईसाब हे तेव्हाच सांगते तर मी चुनरी आणलीच नसती. पण काकांकडे येऊन त्या हे बोलल्या नाहीत, आणि काकाही गेले नाहीत. काका दिवसातून कितीदा तरी दार उघडून जिन्यात डोकावत आणि पेपर आला का बघत होतो म्हणत. पेपर सकाळीच आलेला असायचा. बीजींखेरीज या माणसाला मित्र म्हणावं असं दिल्लीत दुसरं कोणी नव्हतं, आणि हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं होतं.

आता थोडं आमच्या पवित्र गुरुवारबद्दल सांगायला हवं. प्रभूनं शेवटच्या भोजनाआधी शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून सांगितलं, त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी काका आम्हा बारा जणांचे पाय धुवायचे. ही रीत शंभर टक्के मान्य. तिच्यासाठी एक मोठी पितळेची परात होती, जी वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली यायची आणि जिच्यात काकूंना कणीकसुद्धा मळायची परवानगी नव्हती. आम्हा बारा जणांची गंमत अशी की प्रत्येक जण घरून पाय साबणानं घासून, नखं कापून, नवे मोजे घालून यायचा. एके वर्षी मी कंपनीच्या बसमधून थेट आलो, पाय ग्रीसनं माखलेले. लाज वाटून आधी काकांच्याच मोरीत जाऊन धुऊन आलो. काका परातीसमोर बसून वाट बघत होते. पाय हातात घेऊन म्हणाले, "सगळे धुऊनच येता. मी नेमकं काय करतो इथे?"

त्या वर्षी चैत्रातली अष्टमी पवित्र गुरुवारच्या आधीच्याच रविवारी आली. मला सुट्टी होती. सकाळी मी गच्चीवरच्या माझ्या खोलीतून उतरलो, तर काका जिन्याकडच्या दारात स्टुलावर बसून चिंचेनं गुरुवारची परात घासत होते. समोरचं दार आज उघडं होतं. आत हॉलमध्ये चटईवर मुली रांगेत बसल्या होत्या, नऊच्या नऊ, आणि त्यांतली एकही सोसायटीतली नव्हती. मागच्या प्लॉटवर नवी इमारत चढत होती, तिथल्या मजुरांच्या मुली. बीजींनी नवाचा आकडा तिथूनच पुरा केला होता, म्हणजे रूथची जागा रिकामी दिसायला नको आणि कोणाला वाईट वाटायला नको. मुलींचे पाय घोट्यापर्यंत सिमेंटनं पांढरे झालेले.

बीजी खुर्चीवर होत्या. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली होती. पायाशी तसराळ्यात पाणी, हातात काठी. त्या पुढे वाकायच्या, गुडघ्यात कळ यायची, परत मागे टेकायच्या. कामवाली त्याच सकाळी आली नव्हती. काकू मदतीला गेल्या होत्या, पण बीजींनी त्यांना पुऱ्या तळायला बसवलं. पाय धुणं ज्याच्या घरी कंजक त्याचंच काम, ते दुसऱ्याकडून करून घ्यायला बीजी तयार नव्हत्या. पुन्हा वाकल्या. पहिली मुलगी अवघडून पाय मागे घेत होती.

काकांचा घासायचा हात थांबला. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी परात विसळली, कोपरापर्यंत हात धुतले, खांद्यावर टॉवेल टाकला, पायजमा वर दुमडला आणि रूथला हाक मारून बादली भरायला सांगितली. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा ते समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बीजी, पांव मैं धोता हूं. परात मेरी, पानी मेरा, टॉवेल मेरा. टीका, आरती, वो सब आपका. उस वक्त मैं बाहर खड़ा रहूंगा."

बीजींनी क्षणभर विचार केला असावा. त्यांचाही धर्म होता. मग काठी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आ जाओ, भाईसाब."

काका खाली बसले तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे वाजले. पहिल्या मुलीचा पाय त्यांनी हातात घेतला आणि घाईनं पाणी ओतून मोकळे झाले नाहीत. बोटांमधलं सिमेंट अंगठ्यानं हळूहळू सोडवलं, टाचेच्या भेगा धुतल्या. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती हसली, मग सगळी रांग हसायला लागली. परातीतलं पाणी राखाडी होत गेलं. रूथ बादलीनं पाणी बदलत होती आणि टॉवेलनं पाय पुसत होती. तिला चुनरी नव्हती की टिळा नव्हता, पण एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. काका एका पायावरून दुसऱ्या पायाकडे सरकत होते. इतकी वर्षं त्या माणसाला धुवायला धुतलेलेच पाय मिळाले होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

तिथे फ्रिजवर एक स्टीलची वाटी दिसली, वर बशी झाकलेली. पूजेचं ताट वेगळं, मुलींच्या ताटल्या वेगळ्या, आणि ही एकटीच दूर. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पुरी उलटली आणि हळू आवाजात सांगितलं की सकाळी हलवा झाल्या झाल्या, देवापुढे नेण्याआधी, बीजींनी ती भरून ठेवलीये. भोगाआधी मीठही न चाखणाऱ्या बीजींनी.

पाय धुऊन झाले तसे काका परात घेऊन उठले आणि ठरल्याप्रमाणे बाहेर जिन्यात जाऊन लिफ्टकडे तोंड करून उभे राहिले. आत टिळे लागले, चुनऱ्या दिल्या, घंटी वाजली. काका लिफ्टच्या बंद दाराकडे बघत होते आणि पायाचा अंगठा घंटीबरोबर हलत होता. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मुली जेवायला बसल्यावर बीजी काठी टेकत टेकत बाहेर आल्या. हातात ती वाटी. काका वळले. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. दारात मी, काकू, रूथ, सगळे प्रश्नाची वाट बघत उभे. काका वाटीकडे बघत राहिले आणि काही बोलले नाहीत.

बीजींनाच राहवेना. "भाईसाब, ये वाली कटोरी मैंने सुबह..."

काकांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं.

"मैंने पूछा क्या?" ते म्हणाले, आणि वाटी घेऊन तिथेच जिन्यात, उभ्याउभ्या, हलवा खायला लागले.